पाटीवरचं तिसरं नाव

"गाडी दोघांची, अन् नावं तीन कशी रे?"

बाकावर बसलेल्या काकू आपल्या मुलाला हळूच विचारत होत्या. प्रिंटर नेमका तेव्हाच थांबला, म्हणून मला ऐकू आलं. त्यांच्या हातात मी नुकताच दिलेला कागद होता. त्यांचा मुलगा आणि होणारी सून लग्नानंतर एका बेटावर फिरायला जाणार होते, आणि तिथल्या विमानतळापासून हॉटेलपर्यंतच्या खासगी गाडीचं ते बुकिंग होतं. काकूंचे मालक पंचायत समितीचे माजी सभापती. त्या आल्या की शेजारचे खतवालेसुद्धा दुकानातून उठून उभे राहायचे. मुलाने मोबाइलमधून मान वर काढली नाही. काकूंनी कागद डोळ्यांपासून लांब धरला, ओठ हलवत पुन्हा वाचला आणि मग मोठ्याने विचारलं, "आप्पा, हा रेवणसिद्ध कोण?"

आप्पा शेंगा सोलत होते. "त्यो आमचा हाय," ते म्हणाले. "जागा घेत न्हाई."

मी प्रिंटर पुन्हा चालू केला. छापायला काही नव्हतं.

सिरसाळ्याच्या मोंढ्यासमोर, म्हणजे शेतमालाच्या बाजारासमोर, खताच्या दुकानाला लागून असलेल्या गाळ्यात आप्पांचं ऑफिस होतं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. मी तिथे दीड वर्ष काम केलं. आप्पा साठीच्या पुढचे, सडपातळ, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, गळ्यात लिंग, अंगात कायम पांढरा शर्ट. पूर्वी ते सिरसाळा ते परळी स्टेशन जीप चालवायचे. विमानात ते कधीच बसले नव्हते, पण विमानतळ त्यांना जीपच्या थांब्यांसारखे पाठ होते. कुठल्या बेटावर बाहेर पडलं की ड्रायव्हर डाव्या हाताला उभे राहतात, कुठे उजव्या, कुठे खांबांमागे सावली आहे, कुठे पाण्याचा नळ आहे, सगळं ते सांगायचे. परत आलेल्या गिऱ्हाइकांना समुद्र कसा होता हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांना समोर बसवून चहा द्यायचे आणि विचारायचे, "भाईर आल्यावर म्होरं काय दिसलं? खांब किती? तिथं बसाया काय हाय का उभंच ऱ्हावं लागतं?" आणि एका शंभरपानी वहीत पेन्सिलीने चौकोन, रेघा, टिंबं काढायचे. टिंब म्हणजे खांब. त्या वहीत अंदमान होतं, बाली होतं, मालदीव होतं. बेट नसलेलं एकही ठिकाण नव्हतं. दुबईला जाणाऱ्याला ते सरळ बीडच्या दुसऱ्या एजंटाकडे पाठवायचे.

इंग्लिश मीडियममध्ये, तेही हॉस्टेलवर शिकल्यामुळे मला घरी परत आल्यावर बोलताच येत नव्हतं. मराठी बोलले की लोक हसायचे, इंग्रजी बोलले की गप्प व्हायचे. त्यामुळे मी दोन्ही कमी केलं होतं. आई मला आप्पांकडे घेऊन गेली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "हिचं इंग्रजी लिहायचं हाय का बोलायचं?" लिहायचं, आई म्हणाली. "मग बेस हाय." त्यांनी माझ्यापुढे शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा आणि काळा मार्कर ठेवला आणि एका गिऱ्हाइकाचं नाव मोठ्या अक्षरात लिहायला सांगितलं. लिहून झाल्यावर पुठ्ठा दारापाशी नेऊन त्यांनी लांबून पाहिला. "दिसतंय," ते म्हणाले. तीच माझी मुलाखत.

नंतर कळलं की आप्पा फोन उचलत नाहीत. कामात असतात म्हणून नव्हे. ते फोनला हातच लावायचे नाहीत. टेबलावर वाजत असलेल्या मोबाइलकडे ते कुणी आगंतुक पाहुणा आल्यासारखं बघत बसायचे. मलाही फोनवर बोलायची भीती. त्यामुळे आमच्या ऑफिसातला फोन वाजून वाजून बंद व्हायचा आणि मग मी त्या नंबरवर 'कृपया मेसेज करा' असं लिहून पाठवायचे. खतवाले ओट्यावरून ओरडायचे, "तुमी दोघं टुरिझम चालिवता का मौनव्रत?"

पण गिऱ्हाईक यायचं, कारण आप्पांचा माणूस कुठे अडकत नाही अशी ख्याती होती. हॉटेलची फुकट बस असली तरी ते नको म्हणायचे. चार हॉटेलांचे लोक गोळा करत जाणारी शेअरिंग गाडी तर त्यांना शिवीसारखी वाटायची. स्वतंत्र गाडी हवी, ड्रायव्हर बाहेर येऊन उभा राहायला हवा, त्याच्या हातात नावाची पाटी हवी, विमान उशिरा आलं तरी त्याने जायचं नाही. हे सगळं मी दर वेळी ईमेलमध्ये लिहायचे. "ज्याला घ्यायला कुणी आलं न्हाई त्यो पोचलाच न्हाई," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. लोक हसायचे आणि स्वतंत्र गाडीचं बुकिंग करायचे.

निघायच्या आदल्या दिवशी तालीम असायची. गिऱ्हाइकांना बॅगा घेऊन यावं लागे. आप्पा गाळ्याबाहेर विजेच्या खांबापाशी पाटी धरून उभे राहायचे आणि नवरा-बायकोने ऑफिसातून बाहेर पडून, कापसाच्या गाड्यांच्या गर्दीतून पाटी शोधत त्यांच्यापर्यंत यायचं. कुणी इकडे तिकडे बघत पुढे गेलं की ते परत पाठवायचे. "आधी थांबायचं. मग बोर्ड बघायचा. बोर्ड दिसला न्हाई तर?" गिऱ्हाईक म्हणायचं, फोन करू. आप्पा मान हलवायचे. "फोन न्हाई करायचा. हिंडायचं. इचारायचं. एका जागी उभं ऱ्हायचं न्हाई." मोंढ्यातले हमाल हे बघायला पोती खाली ठेवून थांबायचे. मला सुरुवातीला गंमत वाटली. मग एकदा माझ्या लक्षात आलं, की सगळे निघून गेल्यावरही आप्पा पाटी धरून बराच वेळ तिथेच उभे असतात, दाराकडे बघत. दारात तेव्हा मी एकटीच असायचे, आणि ते माझ्याकडे बघत नसायचे.

पाटीवर गिऱ्हाइकांच्या नावाखाली आणखी एक नाव असायचं. प्रत्येक पाटीवर, प्रत्येक बुकिंगमध्ये. गाडीत दोघे असले तर मी तिघे लिहायचं, चौघे असले तर पाच. मी कारण विचारलं नाही. मी कुणालाच काही विचारत नसे.

चौथ्या महिन्यात एका दुपारी लाइट गेली, तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं. माझ्याकडे नाही, बंद पडलेल्या मॉनिटरकडे बघून. रेवणसिद्ध त्यांचा धाकटा भाऊ. फरशी बसवायचं काम करायचा, हात सफाईदार होता. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका एजंटाने कुठल्याशा बेटावर मोठं हॉटेल बांधतायत म्हणून माणसं जमवली. आप्पांनीच एजंट शोधला, आप्पांनीच भावाला तयार केलं. कपड्यांसाठी गावातल्या शिंप्याकडून खाकी कापडाची पिशवी शिवून घेतली, बंद आखूड झाले म्हणून ती खांद्याला लागेना, पोटाशी धरावी लागायची. तिकडे उतरल्यावर नावाची पाटी घेऊन माणूस येईल असं एजंट म्हणाला होता. उतरल्यावर रेवणने कुणाच्या तरी फोनवरून इथल्या एसटीडी बूथवर फोन लावला. दादा, माझ्या नावाचा बोर्ड न्हाई.

"मी त्याला म्हणालो, जागेवरून हलू नको. माणूस येतोय." आप्पांनी बोटांवरची शेंगांची माती झटकली. "त्यो लई ऐकणारा होता."

त्यानंतर फोन आला नाही. एजंट गायब झाला. त्याने सांगितलेल्या बेटावर चौकशी केली तर असा माणूस तिथे उतरलाच नाही म्हणाले. मग कुठल्या बेटावर उतरला, ते कुणालाच माहीत नव्हतं. पोलीस, कलेक्टर ऑफिस, मुंबईचे दोन फेरे, सगळं झालं. घरच्यांनी काही वर्षांनी त्याला मेलेला धरून विधी करायचं ठरवलं तेव्हा आप्पांनी त्यासाठी आलेल्या स्वामींना दारातून परत पाठवलं. "चारी बाजूंनी पाणी," ते मला म्हणाले. "बेटावरून माणूस जाऊन जाऊन जाणार कुठं?"

पंखा सुरू झाला.

गिऱ्हाईक गाडीत बसलं की तिकडचा ड्रायव्हर फोटो पाठवायचा. पाटी आणि तिच्याशेजारी हसणारं जोडपं. आप्पा तो मॉनिटरवर मोठा करायला लावायचे, आणि जोडपं स्क्रीनबाहेर जाईपर्यंत मागची गर्दी मोठी करायला लावायचे. चेहरे फुटून नुसते रंगांचे चौकोन उरायचे. तरी ते बघत राहायचे. "म्होरं," म्हणायचे. मी माउस पुढे सरकवायचे.

मीही बघायला लागले. त्यात कुणाचा दोष नाही, रोज बघितलं की दिसायला लागतं. एका फोटोत मागे खांबाशी एक माणूस उभा होता, पाठमोरा, दोन्ही हात पुढे, काहीतरी पोटाशी धरल्यासारखे. दोन महिन्यांनी दुसऱ्या फोटोत तसाच. मग तिसऱ्या. तिन्ही फोटो मी एकदा आप्पा नसताना शेजारी शेजारी उघडले. तीन वेगळी विमानतळं होती. सामान धरून उभे असलेले लोक सगळ्याच विमानतळांवर असतात असं मी स्वतःला सांगितलं आणि फोटो बंद केले. आप्पांना मी ते दाखवले नाहीत. ते गर्दीत चेहरा शोधत होते, म्हणून पाठमोऱ्या माणसावर ते कधी थांबलेच नाहीत.

काकूंच्या मुलाच्या बुकिंगच्या वेळी हे सगळं माझ्या डोक्यात होतं.

त्या पहिल्या दिवशी काकू आप्पांना आणखी काही बोलल्या नाहीत. पण गावात विचारलं असणार. पुढच्या सोमवारी त्या एकट्या आल्या. दर सोमवारी आप्पा वैजनाथाला परळीला जायचे, हे सगळ्यांना माहीत होतं. काकू माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या, माझा हात हातात घेतला. आवाज मऊ होता. मला वाटलं होतं त्या धमकी देतील, पण त्या घाबरलेल्या होत्या. हळद लागलेल्या पोराच्या गाडीत मेलेलं माणूस बसवू नको, एवढंच त्या पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या शब्दांत म्हणत होत्या. आप्पांना समजावून उपयोग नाही, त्यांना इंग्रजी येत नाही, कळणार कसं?

"तुजंबी उद्या लग्न व्हायचंय, माय," त्या शेवटी म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी गाडीवाल्यांना पाठवायचा ईमेल उघडला. तिघे होते तिथे दोघे केले. खालच्या नावाची इंग्रजीत अकरा अक्षरं होती. मी बॅकस्पेस अकरा वेळा दाबला आणि ईमेल पाठवला. काकूंसाठी केलं असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. खरं तर खांबापाशी उभ्या त्या पाठमोऱ्या माणसाचा आणखी एक फोटो मला नको होता.

नवरा-नवरी पोचली त्या दिवशी दुपारी फोटो आला. पाटीवर दोनच ओळी. आप्पांनी मॉनिटरजवळ चेहरा नेला.

"दोनच वळी कशा?"

पुठ्ठा लहान असेल, मी म्हणाले. दीड वर्षात मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं खोटं. "आसंल," म्हणून ते मागे टेकले. त्या दिवशी त्यांनी मागची गर्दी मोठी करायला सांगितली नाही.

तासाभराने ड्रायव्हरचा मेसेज आला. इंग्रजीत, तुटक. तुमचा तिसरा पाहुणा मागाहून बाहेर आला होता, मी तोवर निघालो होतो. आमच्या काउंटरवरच्या मुलीने त्याला त्या नावाचं बुकिंग नसल्याचं सांगितलं. तो तिथेच उभा आहे म्हणते. काय करायचं?

मी तो मेसेज किती वेळा वाचला ते सांगता येणार नाही. या गाडीवाल्यांकडे आमची आधी दोन बुकिंग झाली होती. जुन्या कागदांत ते नाव राहिलं असणार, दुसऱ्याच कुणा प्रवाशाशी घोळ झाला असणार. मी तसं लिहिलं: आमचे दोघेच आहेत, चूक झाली आहे. त्याने अंगठा पाठवला.

"काय म्हणतोय?" आप्पांनी विचारलं.

नीट पोचले म्हणतोय, मी म्हणाले.

पुढचे पाच दिवस मी वेळेवर आले, वेळेवर गेले. आप्पा नेहमीसारखेच होते, फक्त वही उघडत नव्हते. एकदा जेवताना त्यांनी भाकरी मोडून डब्याच्या झाकणावर ठेवली आणि ती शेवटपर्यंत खाल्ली नाही. घरी आई विचारायची, दिवसभर एवढी गप्प का असतेस. मी नेहमीच गप्प असते, हे तिच्या लक्षात कसं येत नव्हतं कुणास ठाऊक. मला वाटायचं, आत्ता तिथे ऊन असेल. आत्ता खांबाची सावली सरकली असेल. पाण्याचा नळ कुठे आहे ते वहीत बघून घ्यावं, असंही एकदा मनात आलं. जो तिथे नाहीच अशी मी स्वतःला खात्री देत होते, त्याच्या तहानेची मला काळजी वाटत होती.

सहाव्या दिवशी जोडपं परत निघणार होतं. त्याच ड्रायव्हरने त्यांना विमानतळावर सोडायचं होतं. दुपारचे अडीच वाजले असतील. मोंढ्यात सोयाबीनचा लिलाव चालू होता, बाहेर धुरळा उडत होता. आप्पा समोर शेंगा सोलत होते. फोन वाजला. ड्रायव्हरचा नंबर. मी वाजून जाऊ दिला. परत वाजला. परत.

"उचल," आप्पा म्हणाले.

असं ते कधी म्हणाले नव्हते. मी उचलला, पण कानाला लावायचा धीर झाला नाही म्हणून स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. ड्रायव्हर सावकाश बोलत होता, त्याचंही इंग्रजी माझ्यासारखं जपून वापरलेलं. पाहुणे आत गेले, म्हणाला. मी निघतच होतो. पण तुमचा तिसरा माणूस अजून इथेच आहे. बाहेर पडायच्या दाराकडे, दुसऱ्या खांबाशी. काउंटरवरची मुलगी म्हणते सहा दिवस आहे. मी आज जवळ गेलो, मोबाइलवर तुमच्या जुन्या पाटीचा फोटो दाखवला. त्याने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तरुण आहे, पंचवीसच्या वर नसेल. दोन्ही हातांनी पोटाशी खाकी बॅग धरलीय. मी गाडीचं दार उघडून धरलंय, पण तो पाऊल उचलत नाही. माझी भाषा त्याला कळत नाही.

आप्पांना त्यातला एकच शब्द कळला असणार.

"खाकी म्हणला का?"

मी मान हलवली. मग ती पुरेशी नाही असं वाटून हो म्हणाले. त्यानंतर मला थांबता आलं नाही. वय, खांब, बोट ठेवलेली ओळ, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "आप्पा, नाव मी काढलं होतं. पुठ्ठा लहान नव्हता."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "वळी मोजाया इंग्रजी लागत न्हाई." त्यांनी हातातली शेंग न फोडताच टोपलीत टाकली. "कावून काढलं?"

"भीती वाटली."

"वाटती," ते म्हणाले.

ड्रायव्हर विचारत होता, मी फोन त्याला देऊ का, तुम्ही बोलता का. मी मोबाइल आप्पांच्या दिशेने सरकवला. तो टेबलावर जरा गोल फिरून त्यांच्यापुढे थांबला. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले, तव्यावरून घ्यावेत तसे, आणि काखेत दाबून धरले. विभूतीच्या पट्ट्यांवर घाम आला होता, मधला पट्टा पुसट झाला होता.

"मी एकदा बोललोय," ते म्हणाले. "माजं ऐकूनच त्यो उभा हाय. आता तू बोल."

मी काय बोलू, असं मी विचारलं की नुसतं मनात आलं, आठवत नाही. मी फोन परत माझ्यापुढे ओढला. त्यातून ट्रॉलीच्या चाकांचा आवाज येत होता, कुठलीशी घोषणा, दूर कुणाचं तरी हसणं. मग हे सगळे आवाज एकदम दबले. आपण कुणाला फोन लावल्यावर पलीकडच्याने तो कानाला नेला, की बोलण्याआधी जसा जवळपणा येतो, तसं झालं. बाहेर लिलावात कुणीतरी भाव वाढवत होतं. काका म्हणावं तर तो माझ्याच वयाचा होता. दादा म्हणावं तर दादा माझ्यासमोर बसले होते.

मी फोन उचलून कानाला लावला. तो गार होता.

"आप्पांनी सांगितलंय," मी म्हणाले, "आता जागेवरून हललं तरी चालतंय. गाडी आलीय. बसा."